दुधाची बचत

आम्ही विक्रोळीच्या बचत गटातल्या बायका. आज बोलायचंय दुधाच्या ॲसिडिटीबद्दल, म्हणजे आम्लतेबद्दल. तुम्ही डेअरीवर दूध घालता, आम्ही दूध विकत घेऊन पनीर करतो. दोघींचेही पैसे या एका आकड्यावर अडतात. मग तो आकडा नक्की काय सांगतो, ते आपल्याला कळायला नको का?

आमच्या विक्रोळीतून निघणारा जोगेश्वरी लिंक रोड पवईवरून आरेच्या कडेने जातो. मुंबईला चांगलं दूध मिळावं म्हणून १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली आणि शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे हलवल्या. आता मुंबईचं बरंचसं दूध कोल्हापूर, सांगली, नगरकडून येतं. एवढा प्रवास दूध सोसतं ते मुख्यतः थंड केल्यामुळे. पण दुधाच्या अंगातही थोडी सोसण्याची ताकद असते. तिला शास्त्रात बफर म्हणतात.

बफर म्हणजे काय? आपल्या गटाची बचतच डोळ्यांसमोर आणा. घरात आजारपण आलं, तर बचत असलेलं घर लगेच कोलमडत नाही. दुधातले जंतू साखरेचं आम्ल करतात. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन, फॉस्फेट आणि सायट्रेट हे क्षार ते आम्ल धरून ठेवतात. म्हणून दुधाचा पीएच लगेच घसरत नाही. ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.८ असतो. नुसत्या पाण्याकडे अशी शिल्लक जवळजवळ नसते. लिंबाचे चार थेंब पडले की त्याचा पीएच झटकन खाली येतो. आणि ही शिल्लक किती मोठी, तिला म्हणायचं बफर क्षमता.

ही शिल्लक घरी मोजून बघता येते. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरची निवळी घ्या. तीन वाट्या मांडा. एकीत दोन चमचे पाणी, दुसरीत दोन चमचे ताजं दूध, तिसरीत एक चमचा दूध नि एक चमचा पाणी. प्रत्येकीत चिमूटभर हळद घाला. आता ड्रॉपरने निवळीचा एकेक थेंब टाका, ढवळा आणि मोजत जा. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. तसाच तांबूस रंग टिकला की थांबायचं. पाणी थोड्या थेंबांतच तांबूस होतं. दूध पुष्कळ थेंब पिऊन घेतं. पाणी घातलेलं दूध त्याच्या साधारण निम्मे घेतं. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हे दूध नंतर फेकून द्या.

डेअरीच्या प्रयोगशाळेत हेच होतं. त्याला टायट्रेशन म्हणतात. चुन्याऐवजी ठरावीक ताकदीचा कॉस्टिक सोडा, हळदीऐवजी फिनॉल्फ्थॅलिन, आणि थेंब मोजायला खुणा केलेली काचेची नळी. १० मिली ताज्या दुधाला साधारण दीड मिली सोडा लागतो. त्यावरून आकडा येतो ०.१३ ते ०.१५ टक्के.

आता खरी गोष्ट ऐका. ताज्या दुधात आंबटपणा जवळपास नसतो. तरी आकडा येतोच, कारण केसीन आणि क्षारसुद्धा सोडा पितात. म्हणून घट्ट, जास्त प्रथिनाच्या म्हशीच्या दुधाचा आकडा ताजं असतानाही थोडा वर असू शकतो. उलट, आंबायला लागलेल्या दुधात पाणी घातलं तर आकडा खाली येतो आणि दूध चांगलं वाटतं. म्हणजे हा आकडा एकटा वाचायचा नाही. सोबत फॅट आणि एसएनएफ बघायचं. तुमचं दूध ॲसिडिटीवर परत केलं, तर भांडू नका, पण विचारा: ‘दादा, एसएनएफ किती आलं? उकळून बघितलं का?’ हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी गोष्ट. शिल्लक संपत येते तेव्हा वरून फारसं दिसत नाही. दुधाला वास नसतो, चव बरी असते. पण आम्लता ०.२० च्या वर गेली की उकळताना दूध फाटायची भीती असते. पीएच ४.६ पर्यंत उतरला की ते न तापवताच जमतं. म्हणून धार काढल्यावर दूध लवकरात लवकर थंड करायचं, कॅन गरम पाण्याने धुवायचे, आणि सकाळच्या ताज्या दुधात रात्रीचं मिसळायचं नाही.

काही जण फाटू नये म्हणून दुधात सोडा टाकतात. त्याने आकडा सुधारतो, पण जंतू तिथेच राहतात. कायद्याने ती भेसळ आहे. दुधात हळद घातल्याबरोबर, चुना न टाकताच रंग तांबूस झाला, तर ते दूध घेऊ नका.

पुढच्या बैठकीत तीन वाट्या मांडून बघा. थेंब वहीत लिहा. दर हंगामात एकदा केलंत, तर आपल्या गोठ्याच्या दुधाचा नेहमीचा आकडा आपल्याच हातात राहील.