अंत्युखियातली पंगत

पंगत म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कुणी कुणाच्या शेजारी बसायचे आणि कुणाचे पान वेगळे मांडायचे, यावरून आपल्याकडे ग्रामण्ये झाली आहेत, सख्खे भाऊ एकमेकांना दुरावले आहेत. म्हणून ख्रिस्ती तारणाच्या सिद्धान्ताकडे मी तुम्हांला पंगतीच्या वाटेनेच नेणार आहे. तो सिद्धान्त आपल्यापुढे आला तोही एका पंगतीच्या भांडणातूनच.

गाव अंत्युखिया, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेले अंताक्या. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य. तिथे येशूला मानणारे यहूदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, एकत्र जेवत. पेत्रही त्यांच्यात बसत असे. हा पेत्र येशूबरोबर प्रत्यक्ष वावरलेला. पुढे यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू त्या जेवणातून मागे सरला. इतर यहूदी त्याच्यामागून गेले, प्रेषित पौलाचा जिवलग सोबती बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विचारले : तू स्वतः यहूदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग त्यांनी यहूदी व्हावे असा आग्रह का?

हा प्रसंग पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आणि लगेच खाली, त्याच ओघात, मनुष्य नियमशास्त्रातल्या कृत्यांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, हे प्रतिपादन येते. ज्या विधानावरून पुढे युरोप दुभंगला ते विधान या पत्रात असे उष्ट्याखरकट्याजवळ बसले आहे. मला ते तिथेच वाचायला आवडते.

इथे एका गैरसमजाबद्दल मला बोललेच पाहिजे, कारण त्याने फार नुकसान केले आहे. नियमशास्त्र म्हणजे पुण्याची जमाखर्चाची वही आणि यहूदी माणूस म्हणजे ती वही भरत बसलेला हिशेबी, असे चित्र शतकानुशतके रंगवले गेले. ते अन्यायाचे आहे. आधी मिसरच्या दास्यातून सुटका झाली, सीनाय पर्वतावर नियम मिळाले ते त्यानंतर. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध हे देवाने आधीच आपले म्हटलेल्या प्रजेचे जगणे होते. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 1977 साली पौल आणि पॅलेस्टाइनमधला यहूदी धर्म यांवरच्या ग्रंथात हे विस्ताराने मांडले, तेव्हा पौलाचा सारा अभ्यास हलला. पौल स्वतः परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला. नियमशास्त्र पवित्र आहे, असे तो रोमकरांना लिहितो. त्याचा प्रश्न एवढाच : बाहेरून आलेल्या माणसाला आत बसण्यासाठी आधी यहूदी व्हावे लागेल का? यरुशलेममधल्या प्रेषितांच्या सभेनेही सुंतेची सक्ती नको असे ठरवले. पण ज्या चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या, त्यांतल्या तीन खाण्याच्याच निघाल्या : मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त आणि गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस.

सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा प्रश्न निराळा होता. मी देवापुढे कसा उभा राहू, या भीतीने मठात पोळलेल्या माणसाचा तो प्रश्न. 1522 च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायातल्या 'विश्वासाने' या शब्दाला 'केवळ' जोडले. मुळात तो शब्द नाही. केवळ विश्वासाने नव्हे, असे स्पष्ट सांगणारे याकोबाचे पत्र त्याला गवताचे वाटले. 1547 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्याच्या मताला उत्तर दिले आणि मग साडेचारशे वर्षे गेली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय प्रतिनिधींनी याच सिद्धान्तावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ल्यूथरने असंख्य घाबरलेल्या जिवांना धीर दिला, हे मी मनापासून मानतो. पण त्याच्या वाचनात अंत्युखियातली पंगत मागे पडली, याची हळहळही वाटते.

ती पंगत मला पुन्हा दिसली पंडिता रमाबाईंच्या पत्रांत. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. ज्या भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या, त्यांना हा आग्रह म्हणजे जातीचा जुना अभिमान वाटला. रमाबाईंनी ठामपणे कळवले की, पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या मी पाळणार. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारले. ख्रिस्ती होण्यासाठी आधी इंग्रज व्हावे लागते का? गलतीकरांचाच प्रश्न हा, फक्त बाजू पालटलेली.

ल्यूथरचा प्रश्नही त्यांना चुकला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात लिहिले आहे. एवढी विदुषी, एवढे कार्य हातून झालेले, आणि तरी ही कबुली. ती वाचताना मला दर वेळी थांबावे लागते.

पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबल आणले. 1922 साली मृत्यू आला तोवर ते काम चालले होते. अर्थात गलतीकरांचे पत्र त्यात आहे, पेत्र आणि पौल समोरासमोर उभे आहेत. पेत्र काय उत्तरला, हे मात्र पौलाने लिहिलेलेच नाही.