चतुःसीमा



अध्यक्षाने तब्येतीचं कारण सांगून भाषण आवरतं घ्यावं, अशी आपल्याकडे रीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. त्यामुळे तुम्हाला थोडं बसावं लागेल.

एकतीस वर्षं मी रिसोडला दस्त लिहिले. लिहून देणार एका बाजूला, लिहून घेणार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी. हे काम आपल्या भागाला नवं नाही. 1939 साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म, म्हणजे आपलंच वाशीम, तिथून त्याने एक गाव दान दिलं, त्याचा तो लेख. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि कामाचा मजकूर प्राकृतात. कौतुक देवभाषेत, व्यवहार लोकांच्या भाषेत. आम्ही तरी काय वेगळं करत होतो? ‘सदरहू मिळकत निर्वेध व बिनबोजाची असून’ हे ठसठशीत अक्षरात लिहायचं आणि भावाची सही अजून झालेली नाही, हे मात्र बाहेर टपरीवर चहा पिताना कानावर यायचं.

थोडा पैसा हाताशी असलेल्या माणसाने जागेत कसं उतरावं, हा आजचा विषय. मी कसा बुडालो तिथूनच सुरुवात करतो.

समृद्धी महामार्गाची हवा होती तेव्हाची गोष्ट. रस्त्यासाठी थेट खरेदीत लोकांना बाजारभावाच्या पाचपट पैसे मिळाले, आणि कधी नव्हे ते आपल्या कास्तकाराच्या खात्यात आकडे दिसू लागले. गावोगाव गाड्या फिरायला लागल्या. गाडीतून उतरलेला एक जण मला म्हणाला, “काका, कागद पाहू नोका, रोड पाहा.” मी रोड पाहिला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तीन लाखांत. अकृषक परवानगी नाही, मोजणी नाही, सातबारावर अकरा जणांची सामाईक नावं. हातात पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं साठेखत. साठेखताने मालकी येत नाही, ती नोंदवलेल्या खरेदीखतानेच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं होतं, आणि तेच मी स्वतः शेकडो लोकांना समजावलं होतं. तरी मी पैसे मोजले. घरी बायको अजूनही त्या प्लॉटला ‘तुमचं ज्ञान’ म्हणते.

त्या रस्त्याबद्दल एक गोष्ट तेव्हा कुणीच बोललं नाही. 701 किलोमीटरचा रस्ता. नागपूर ते शिर्डी 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा 5 जून 2025 ला. पण त्याला मधूनच कुठेही चढता येत नाही, उतरता येत नाही. दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. मग त्याच्या कडेला गाळा बांधून गिऱ्हाईक यायचं कुठून? कुंपणावरून उडी मारून? आपला मालेगाव–मेहकर रस्ता जुना आणि खड्ड्यांचा असेल, पण त्यावर माणूस थांबतो. पंक्चर काढतो, पेंडखजूर घेतो, बियाण्याची पिशवी उचलतो. मी तर म्हणेन, गाड्या किती धावतात ते सोडा, थांबतात किती ते मोजा.

माझा पहिला गाळा याच केनवड गावात, आमच्या जुन्या घराच्या पुढच्या अंगाला काढला. दहा बाय पंधरा. वर्ष 1996. पैसे भिशीचे आणि थोडे सासऱ्यांचे. भाडं चारशे रुपये. पहिला भाडेकरू सायकल दुरुस्तीवाला. तो पावसाळ्यात भाडं थकवायचा आणि सोयाबीन निघालं की एकदम आणून द्यायचा. मी त्याला कधी काढलं नाही. गाळा दोन महिने रिकामा पडला की त्याच्या थकबाकीपेक्षा जास्त जातं, हे तेव्हाच वहीत मांडून पाहिलं होतं. त्याच भाड्यातून सात वर्षांनी दुसरा गाळा झाला. मग रिसोडला एक छोटं गोदाम. हे गोदाम सोयाबीनच्या हंगामात पोत्यांनी छतापर्यंत भरतं, उन्हाळ्यात त्यात मांजरी वितात. म्हणून त्याचा हिशेब मी बारा महिन्यांचा कधीच धरत नाही, सातचाच धरतो. उरलेल्या पाचात काही आलं तर दिवाळी.

वाढायचं असेल तर हे असंच सावकाश वाढावं लागतं, आणि त्यात कंटाळा फार आहे. शेत गहाण टाकून चार प्लॉट घेणाऱ्याची गोष्ट चावडीवर रंगते. भाड्याच्या पावत्या फाडणाऱ्याची कोण सांगणार?

आता कागदाचं. एनए, म्हणजे अकृषक परवानगी नसलेल्या प्लॉटकडे फिरकू नका, ते झालं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर कुणी भरायचा त्याची नोंद. ती मालकी नव्हे, पण निम्मा तालुका त्यालाच मालकी समजतो. स्वामित्व योजनेत 2020 पासून ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत, आपल्या राज्यात त्याची चाचणी आधीच पुरंदरच्या सोनोरीत झाली होती. तुमच्या जागेची मिळकत पत्रिका निघाली असेल तर आधी ती हातात घ्या, त्यावरच्या भिंती आणि जमिनीवरच्या भिंती पावलांनी मोजून पाहा. शेतजमीन घेत असाल तर विदर्भाचा कूळ कायदा 1958 चा, त्यातलं कलम 89 लक्षात ठेवा: घेणारा शेतकरी पाहिजे. आणि 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. त्याखालचा तुकडा गोड बोलून विकणारा तुमचा मामा असला तरी घेऊ नका. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, 1908 चा कायदा आहे, तरी लोक वहीच्या कागदावर भागवतात.

हे सगळं वकीलही सांगतील. मी दस्तलेखक, मी सांगेन चतुःसीमेबद्दल. खरेदीखतात सगळ्यात कंटाळवाण्या त्या चार ओळी. पूर्वेस अमुकचं शेत, पश्चिमेस नाला. एकदा मी असंच लिहून दिलं. सहा महिन्यांनी घेणारा परत आला आणि म्हणाला, “काका, नाला कुठंच नाही.” नाला खरंच नव्हता. कधीकाळी होता, शेजाऱ्याने बुजवून त्यावर तूर पेरली होती. जुन्या दस्तातून उतरवलेला नाला आम्ही तीन पिढ्या कागदावर वाहता ठेवला होता. त्या दिवसापासून जागेवर न जाता चतुःसीमा लिहायची नाही असं ठरवलं, आणि माझा धंदा निम्मा झाला, कारण लोकांना घाई असते.

त्या माझ्या एक गुंठ्याच्या साठेखतात काय लिहिलंय सांगू? ‘पश्चिमेस नियोजित रस्ता.’ तो आजही नियोजित आहे. तिथे सध्या बाभळी आहेत, आणि एका बकरीवाल्याने तिथे मुक्काम केलाय. मी त्याच्याकडे भाडं मागितलं नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

बाहेर चहा ठेवलाय. ज्यांनी इसारपावत्या खिशात आणल्या असतील त्यांनी लाजू नका, काढा बाहेर. मी चष्मा आणलाय, आणि साडेसहाच्या एसटीला अजून अवकाश आहे.