जुना सरफेस ग्राइंडर : उभारणी आणि निगा



मळवलीहून लोकलने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुणास आपल्या गावीच छोटे वर्कशॉप काढावेसे वाटते. नवे यंत्र परवडत नाही, म्हणून तो वापरलेला सरफेस ग्राइंडर घेतो. यात गैर काही नाही. मात्र उभारणीत काटकसर होऊ नये.

यंत्र काँक्रीटच्या भक्कम पायावर ठेवावे. स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांची पातळी साधावी आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावी. त्यानंतरच मॅग्नेटिक चकचा पृष्ठभाग त्याच यंत्रावर हलकेच घासून घ्यावा.

यंत्रासोबत आलेले जुने चाक वापरू नये. नवे चाकही टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला, तर ते तडकलेले समजावे. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटास २८०० फेरे घेते, तेव्हा त्याची कड सेकंदास सुमारे २९ मीटर धावते. तुकडा उडाल्यास प्राणावर बेतते. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० ने चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना यंत्राजवळ लावणे बंधनकारक केले होते. वर्कशॉप लहान असले, म्हणून धोका लहान होत नाही. गार्ड बसवून, बाजूस उभे राहून, नवे चाक प्रथम मिनिटभर रिकामे फिरवावे.

मावळच्या पावसाळी हवेत उघडे लोखंड लवकर गंजते. काम संपताच कूलंट बंद करून चाक काही मिनिटे कोरडे फिरवावे. चक पुसून तेलाचा हात द्यावा.

कर्जाच्या अर्जाची शिफारस करताना पंचायत सदस्यांनी यंत्राच्या किमतीबरोबरच गार्डचीही चौकशी करावी, एवढीच विनंती.