श्वासाला बांधलेला मंत्र
(भुशी, लोणावळा येथे साधकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भुशीचे हे धरण मुळात आगगाडीसाठी बांधले गेले. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवे, म्हणून एकोणिसाव्या शतकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंद्रायणीच्या प्रवाहावर ही भिंत घातली. ती इंजिने गेली, धरण राहिले. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी उतरू लागले की येथे अलोट गर्दी होते. त्या गर्दीत पाण्याचा गंभीर नाद ऐकणारे थोडे आणि आपलाच आवाज ऐकवणारे फार, हे येथील रहिवासी जाणतात. आजचा विषय नादाचा आणि आरोग्याचा आहे, म्हणून हा उल्लेख अस्थानी ठरू नये.

या विषयासाठी मावळाबाहेर जावे लागत नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाभ्यासाचे फल केवळ श्रद्धेवर न सोपवता मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. उड्डियान व नौली या क्रिया चालू असता शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने व दाबमापकाने तपासले. प्राणायामाने देहात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही लोकप्रिय समजूतही त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. योगावर निष्ठा असलेल्या पुरुषानेच योगाविषयीच्या अतिशयोक्तीला हात घालावा, ही गोष्ट लहान नव्हे.

मंत्र आणि नाद यांच्या बाबतीतही तीच दृष्टी ठेवणे हिताचे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेची चिकित्सित आवृत्ती कैवल्यधामाने १९७० साली स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात भ्रामरीचे वर्णन येते, तर चौथ्यात नादानुसंधानाचे. साधकाला प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखे स्थूल ध्वनी ऐकू येतात; पुढे शंख, घंटा; आणि अखेरीस वेणू, वीणा व भ्रमर यांसारखे सूक्ष्म. म्हणजे प्रवास मोठ्या आवाजाकडून लहान आवाजाकडे आहे. आपल्या परंपरेतील वाचिक, उपांशु व मानस हा जपाचा क्रमही त्याच दिशेने जातो.

आता अलीकडील काही प्रयोग पाहू. स्टॉकहोम येथील वाइट्झबर्ग व लुंडबर्ग या संशोधकांनी २००२ साली असे दाखवले की, तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला असता नाकातून बाहेर येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होते. कंपनामुळे नाकालगतच्या अस्थिपोकळ्यांतील हवा खेळती होते, हे त्याचे कारण. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १२ निरोगी व्यक्तींवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग ओंकाराचा होता. ओंकाराच्या दीर्घ उच्चारणाच्या वेळी मेंदूतील भावनांशी निगडित भागांची क्रिया मंदावलेली दिसली. तेवढाच वेळ नुसता ‘स्स्स’ असा ध्वनी काढला असता तसे दिसले नाही. बारा माणसे ही संख्या अल्प आहे, हे विसरता येत नाही.

परंतु सर्वांत उद्बोधक प्रयोग इटलीतील पाव्हिया येथे लुसियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. २३ निरोगी व्यक्तींना कधी लॅटिन भाषेतील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, तर कधी तिबेटी बौद्धांचा षडक्षरी मंत्र म्हणावयास सांगितला. धर्म भिन्न, भाषा भिन्न. तरी दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची अंगभूत प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली. म्हणजे देहावर दिसलेला परिणाम मंत्राने श्वासाला जी चाल दिली तिच्यामुळे झाला.

येथे जैन साधकाने थांबून आपल्या घरातील ठेव पाहावी. आपल्याकडे कायोत्सर्गाचे माप श्वासोच्छ्वासांत सांगितले आहे. दिगंबर परिपाठात णमोकार मंत्र तीन श्वासोच्छ्वासांत म्हणतात: पहिली दोन पदे एका श्वासात, पुढील दोन दुसऱ्यात आणि पाचवे तिसऱ्यात. नऊ वेळा मंत्र म्हणजे २७ श्वासोच्छ्वास. शास्त्राने श्वासाचे सेकंद ठरवून दिलेले नाहीत; तथापि पाव्हियाच्या गतीने, म्हणजे दहा सेकंदांना एक श्वास धरून, हिशेब केला तर एक णमोकार अर्ध्या मिनिटाचा, नऊ णमोकार साडेचार मिनिटांचे आणि १०८ मण्यांची माळ ५४ मिनिटांची होते. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. अंतर फारसे नाही. अनेकांची माळ मात्र पाव तासात आटोपते! लक्ष जपाचा संकल्प पुरा करण्याच्या घाईत बोटे पुढे धावतात आणि श्वास मागे राहतो. अशा जपाने संख्या भरते. पण आरोग्याच्या दृष्टीने जे मिळावयाचे, ते त्या घाईतच निसटते.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या योगशास्त्रात प्राणायामाचे विस्ताराने वर्णन केले आणि लगेच पुढच्या प्रकाशात असेही बजावले की, बळाने श्वास कोंडल्याने मनाला स्वास्थ्य लाभत नाही, उलट क्लेश होतो. आठव्या प्रकाशात ते पदस्थ ध्यानाकडे, म्हणजे मंत्राक्षरांच्या ध्यानाकडे वळतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मंत्राचा एक सूक्ष्म उपयोग ध्यानात येतो: श्वास दीर्घ होतो, पण त्यावर जबरदस्ती होत नाही. लक्ष अक्षरांवर असते, आणि उच्छ्वास आपोआप लांबतो.

मग रोगाचे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण ट्रस्टच्या शिबिरांना येणाऱ्यांत रक्तदाब, दमा, निद्रानाश यांनी त्रस्त झालेले पुष्कळ असतात. मंद जपाने मन निवते, झोपेला साहाय्य होते, रक्तदाबाच्या रुग्णाला औषधाच्या जोडीने आधार मिळू शकतो; एवढे जबाबदारीने म्हणता येईल. जपाने मधुमेह जातो, अर्बुद विरते, असे म्हणता येणार नाही. ‘जप सुरू केला, आता गोळ्या बंद’ असे एखाद्या वडीलधाऱ्याने अभिमानाने सांगितले तर त्यांचे कौतुक करू नये. त्याच दिवशी त्यांना वैद्याकडे न्यावे. दम्याच्या रुग्णाने श्वास रोखू नये, कान दुखत असता भ्रामरी करू नये, आणि चक्कर येऊ लागल्यास अभ्यास तेथेच सोडावा.

सिद्धान्ताची अडचणही आहे. णमोकारात कोणत्याही व्यक्तीचे नाव नाही आणि कोणतीही याचना नाही. पाच परमेष्ठींना केवळ वंदन आहे. फलाच्या आशेने केलेल्या साधनेला आपल्या शास्त्रात निदान म्हणतात आणि ते शल्य मानले आहे. रोग बरा व्हावा म्हणून णमोकार म्हणणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. दुखणे माणसाला विनवावयास लावतेच. पण वंदनाचा मंत्र औषधाच्या पुडीसारखा वाटला जाऊ लागला तर मंत्रही उणा होतो आणि औषधही.

याच मावळात, कामशेतजवळ पाले येथे, एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रकाशात आणला. त्याचा आरंभ अरहंतांच्या नमस्काराने होतो, आणि म्हणून तो महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत गणला जातो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याचे नमूद आहे. नमस्कार, निवारा आणि पाणी. मागणे एकही नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यास. पाठीचा कणा सरळ, दात किंचित विलग, ओठ मिटलेले. प्रथम पाच वेळा भ्रामरी: नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि शेजाऱ्याला जेमतेम ऐकू येईल असे गुंजन करीत सोडावा. त्यानंतर नऊ णमोकार मनातल्या मनात, २७ श्वासांत. कोणीही मोठ्याने मोजू नये. ध्वनिक्षेपक बंद करण्यात येत आहे.