लाल दिवा विझेपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी औंध येथे केलेले भाषण)



हळदीकुंकू आणि ओव्यांच्या कार्यक्रमात हिचे मोटारीचे पुराण कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण यंत्र आपल्याला परके नाही. जुन्या औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागले. नांगर आणि बायकांचे मासिक जिथे शेजारी नांदले, तिथल्या बायकांनी इंजिनाची भीती का बाळगावी?

मी ती बाळगली, आणि तिची किंमत मोजली. गोष्ट अशी. सासूबाईंना औषधोपचारासाठी वरचेवर साताऱ्याला न्यावे लागे, म्हणून आम्ही जुनी मोटार घेतली. एकदा तेल बदलायला ती एका गॅरेजात नेली. (नाव कशाला सांगू?) मुलाने तेल ओतले, नवा फिल्टर बसवला, गाडी सुरू केली आणि लगेच पाय दाबून इंजिन घुमवू लागला. समोरचा तेलाचा लाल दिवा तसाच पेटलेला. मला तो दिसत होता. पण चार पुरुषांत आपण काय बोलायचे, म्हणून मी गप्प राहिले. थोड्याच वेळात गाडीखाली तेलाचे थारोळे साचले आणि इंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागली. जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनालाच चिकटून राहिली होती. तिच्यावर दुसरी बसल्यामुळे फट राहिली आणि दाबाने सारे तेल बाहेर आले. बेअरिंगे गेली. दुरुस्तीच्या बिलात माझ्या दोन बांगड्या गेल्या.

आता हे का घडते ते ऐका. रिकामे जाते फिरवले तर काय होते? दगडावर दगड घासतो आणि पुढच्या पिठात कचकच येते. इंजिनाचेही तेच. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून धातूला धातू लागत नाही. हे तेल पंप ढकलतो. तेल बदलल्यावर फिल्टर आणि तेलाच्या वाटा रिकाम्या असतात. त्या भरेपर्यंत काही सेकंद जातात. तोवर जुन्या तेलाचा जो ओलावा उरला असेल, त्यावरच इंजिन निभावून नेते. तेवढ्या वेळात त्याला पळवणे म्हणजे रिकामे जाते गरगर फिरवणे.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. जुनी चकती निघाली की नाही, हे स्वतः पाहावे. नव्या चकतीला बोटाने तेल लावावे. फिल्टर तोंड वर करून उभा बसणारा असेल, तर आधी त्यात थोडे स्वच्छ तेल भरावे. विहिरीवरचा पंप सुरू करण्यापूर्वी आपण त्यात पाणी भरतो, तसेच हे. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे आणि मापाचेच तेल घालावे, आणि पट्टी पाहिल्याशिवाय किल्ली फिरवू नये. गाडी सुरू झाली की पाय वर ठेवावा, इंजिन मंद चालू द्यावे. दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहापर्यंत मोजूनही विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. पाय दाबल्याने दाब येतो, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. दिवा विझल्यावर मिनिटभर चालवून गाडी बंद करावी, खाली वाकून गळती पाहावी, आणि थोड्या वेळाने पट्टी पुन्हा पाहावी. फिल्टरने तेल ओढून घेतलेले असते. कमी भरले तर घालावे. टर्बो असलेल्या गाडीला हा धीर अधिकच हवा, कारण त्याचे चाक फार वेगाने फिरते आणि त्यालाही हेच तेल लागते.

भगिनींनो, हे सारे मी नंतर शिकले. त्या दिवशी मात्र यातले काहीच ठाऊक असण्याची गरज नव्हती. दिवा लाल आहे, एवढे दिसत होते. "अरे बाळा, आधी बंद कर," हे पाच शब्द पुरले असते. आता तेल बदलताना मी शेजारीच उभी राहते आणि मोठ्याने आकडे मोजते. गॅरेजातली मुले हसतात, पण पाय वर ठेवतात.

आपणही मोजा.