‘जिंगो’ शब्दाची जन्मकथा

राजकीय परिभाषेंतील बहुतेक शब्दांचे जनक ग्रंथकार असतात. ‘जिंगो’ हा शब्द मात्र लंडनच्या संगीतगृहांत, मद्याचे पेले पुढ्यांत घेऊन बसलेल्या प्रेक्षकांच्या टाळ्यांत रुजला.

१८७७ सालीं रशिया व तुर्कस्तान यांचें युद्ध जुंपलें आणि १८७८ च्या आरंभीं रशियन फौजा कॉन्स्टॅन्टिनोपलजवळ येऊन ठेपल्या. हिंदुस्थानच्या वाटेची चिंता वाहणाऱ्या डिझरायलीच्या मंत्रिमंडळानें दार्दानेल्सकडे आरमार धाडलें. त्याच धामधुमींत हंट नांवाच्या पदकर्त्याचें एक पद मॅक्डरमॉट हा गायक रंगभूमीवर म्हणत असे. त्यांत इंग्रजांचीं जहाजें, माणसें आणि पैसा यांची बढाई होती. पालुपदांत ‘बाय जिंगो’ अशी शपथ होती. पद गल्लोगल्लीं झालें. युद्धाला विरोध करणाऱ्या ग्लॅडस्टनच्या घराच्या खिडक्याही जमावानें फोडल्या.

शपथ मात्र जुनीच. सतराव्या शतकांतील जादूगार ‘हे जिंगो’ म्हणून वस्तु प्रकट करीत, आणि राबलेच्या १६९४ च्या इंग्रजी भाषांतरांत ‘देवाशपथ’ या अर्थीं ‘बाय जिंगो’ आलें आहे. बास्क भाषेंत देवाला ‘जिंको’ म्हणतात, तेथून शब्द आला असेंही कोणी म्हणतात; तर्क मोहक खरा, पण त्याला पुरावा नाहीं.

सहकारी चळवळीचा पुरस्कर्ता होलिओक यानें १३ मार्च १८७८ च्या ‘डेली न्यूज’मधील पत्रांत या आरडाओरड करणाऱ्यांना ‘जिंगो’ म्हटलें, आणि शपथेची शिवी झाली. पुढें बोअर युद्धाच्या उन्मादावर हॉब्सननें १९०१ मध्यें या मनोवृत्तीचें मानसशास्त्रच लिहिलें. मराठींत ‘युद्धखोर’ हा प्रतिशब्द योजतात, तो अपुरा आहे. युद्धखोर स्वतः रणांत उतरूं शकतो. जिंगो बहुधा घरींच बसतो. त्याला ‘ओसरीवरचा रणशूर’ म्हणणें अधिक शोभेल.

रणांत जाणारे दुसरेच होते. १८७८ च्या वसंतांत सुमारें ७००० हिंदी शिपाई मुंबईहून माल्टा बेटावर रवाना झाले. दख्खनमध्यें १८७६ पासून पडलेल्या भीषण दुष्काळाच्या झळा तेव्हां ओसरल्या नव्हत्या. पार्लमेंटची संमति आधीं घेतली नाहीं म्हणून विलायतेंत वाद माजला. शिपायांच्या संमतीचा प्रश्न त्यांत नव्हता. जुलैंत बर्लिनच्या परिषदेनें तंटा मिटला, सायप्रस बेट इंग्रजांच्या ताब्यांत आलें, आणि माल्ट्याच्या फौजेंतील कांहीं हिंदी पलटणी तेथें उतरविण्यांत आल्या.