माझ्या वतीने कोण बोलेल?



बंगळूरच्या बसवनगुडीत, इथून जवळच, बुल टेंपल रोडवर, लेखक डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ साली सार्वजनिक प्रश्नांच्या चर्चेसाठी संस्था उभारली आणि या कन्नड माणसाने तिला आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव दिलं. अवघड गोष्टी चारचौघांत मोकळेपणाने बोलाव्यात, ही बसवनगुडीची जुनी रीत. तिच्याच आधाराने आज मरणाविषयी बोलतो.

माझ्या आत्याने कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवली होती. पैठणी थोरल्या सुनेला, मोत्यांच्या कुड्या नातीला, देवघर धाकट्याकडे. पुढे पक्षाघाताचा दुसरा झटका आला आणि ती व्हेंटिलेटरवर गेली. बांगड्या कापून काढल्या होत्या. नळी ओढू नये म्हणून मनगट कापडी पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलं होतं. एकोणीस दिवस! डॉक्टर रोज विचारायचे, "पुढे काय करायचं?" थोरला म्हणे, सगळं करा, मुलगी म्हणे, आता तिचे हाल थांबवा, धाकटा परदेशातून फोनवर नुसता रडायचा. कुड्या कुणाच्या, हे आत्याने लिहिलं होतं. नळीबद्दल तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती भावंडं आजही एकमेकांशी धड बोलत नाहीत.

अरुणा शानभाग याच कर्नाटकातल्या हळदीपूरची, मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत ती तिथेच अंथरुणाला खिळून होती. पिंकी विराणींनी तिच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं. तिला अंथरुणाची जखम होऊ न देणाऱ्या परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, जगू दे. माया दोन्हीकडे होती. अरुणाला काय हवं होतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, अशी इच्छा आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, म्हणून ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर राहिलं. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये अंमलबजावणीचा आदेश काढला.

"कागद पाहून डॉक्टर लगेच यंत्र बंद करतील," ही भीती मी अनेक घरांत ऐकली आहे. तसं होत नाही. रुग्ण स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल, बरं होण्याची आशा नसेल, तेव्हाच तो कागद उघडतो. मग डॉक्टरांची दोन मंडळं एकामागून एक तपासतात, आणि तुम्ही नेमलेल्या माणसांची संमती लागते. वेदना शमवणं तर थांबतच नाही. मराठहळ्ळीजवळच्या करुणाश्रय या संस्थेत कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची अशी शुश्रूषा विनामूल्य होते.

आपण लिहिणारी माणसं आहोत, म्हणून माझी विनंती थोडी वेगळी आहे. इच्छापत्राचे छापील नमुने बहुधा इंग्रजीत असतात. ज्या भाषेत आपण कण्हतो, त्या भाषेत हे लिहा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. मी माझं मराठीत लिहिलं: "शुद्ध परतण्याची आशा नसेल तर नळी नको. दम लागला तर मॉर्फिन द्या. जमल्यास घरी न्या, खिडकीजवळच्या खाटेवर."

माझ्या वतीने बोलायला पत्नी आणि भाची, अशी दोन नावं घातली. वाचून झाल्यावर भाचीने विचारलं, "मामा, आणि ओठ कोरडे पडले तर?"

नोटरीकडे जाण्याआधी तिच्याच हाताने ती ओळ लिहून घेतली: ओल्या कापसाने ओठ भिजवत राहा.